चव्वेचाळीसची शिडी

"हात लावू नका!"

हे त्याचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. तेही जिन्यात, भर सकाळी, चार माणसांसमोर आणि ओरडून.

मी वरून खाली येत होते, तो खालून वर. दोघंही घाईत, दोघांचंही लक्ष भलतीकडे. वळणावर धडक झाली, त्याच्या हातातला चपटा डबा उडाला आणि पायऱ्यांवर वीसेक बारीक सुया विखुरल्या. मी आपली माणुसकीनं वाकले, तर हे!

"मदत करत होते," मी सरळ होत म्हणाले. "चोरत नव्हते."

"नाही, तसं नाही... सॉरी." त्यानं खिशातून चिमटा काढला आणि उकिडवा बसून एकेक सुई उचलायला लागला. "बोट लागलं की सुई गेली. अर्थात... आता पडल्यात म्हणजे तशाही गेल्याच."

"मग ओरडलात कशाला?"

त्यानं मान वर केली. चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आलेला, केस दोन दिवस विंचरलेले नसावेत. थोडा विचार करून तो प्रामाणिकपणे म्हणाला, "सवय."

मला हसू आलं. मग हसल्याचा राग आला. माझं हे असंच आहे, राग नेहमी एक पायरी मागून येतो.

मी या हॉस्पिटलात सहा वर्षं रक्त काढते आहे. नस सापडत नसेल तर मला बोलावतात. त्या बाबतीत माझा हात धरणारं कोणी नाही, हे मी सांगत नाही, आमचे पेशंट सांगतात. त्यांनीच माझं नाव 'डासताई' ठेवलंय. चावते, पण कळत नाही म्हणून.

गेल्या महिन्यापासून मात्र आमच्या किडनीच्या वॉर्डात नवीनच प्रकार सुरू झाला होता. नवी किडनी बसवलेल्या माणसाला एक औषध घ्यावं लागतं. कमी पडलं तर शरीर ती किडनी नाकारतं, जास्त झालं तर ते औषधच तिला मारतं. म्हणून रक्तातलं प्रमाण सतत मोजायचं. पूर्वी नळीभर रक्त बाहेरच्या लॅबमध्ये जायचं आणि उत्तर तीन दिवसांनी यायचं. आता बोटाला टोचून आलेल्या थेंबात एक खास लेप दिलेली सुई क्षणभर बुडवायची, ती तळघरात पाठवायची आणि दहा मिनिटांत आकडा. तो लेप तयार करण्यात चार वर्षं घालवलेला माणूस म्हणजे हा, पायरीवर उकिडवा बसलेला. वॉर्डात सगळे त्याला 'तळघरवाले' म्हणायचे.

"दुपारी या खाली," सुया गोळा झाल्यावर तो म्हणाला. "का ओरडलो ते दाखवतो."

मी जाणार नव्हते. गेले.

तळघरात एकच खिडकी, तीही छताजवळ. तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसत. बाहेर भुरभुर पाऊस होता, त्यामुळे घोट्यांपासून खाली सगळे चिखलानं माखलेले. मधोमध कपाटाएवढं मशीन गुरगुरत होतं. मास स्पेक्ट्रोमीटर असं त्याचं भारदस्त नाव.

"वजनकाटाच आहे," तो म्हणाला. "फक्त रेणूंचा. सुईला वीज देतो, तिच्या टोकावरून फवारा उडतो, त्यातला एकेक रेणू आत जातो आणि त्याचं वजन होतं. आता इथं बोट टेकवा."

त्यानं नवी सुई पुढे केली. मी टोकाला बोट टेकवलं. दोन मिनिटांत पडद्यावर रेघांचं रान उगवलं.

"साबण," तो एकेका रेघेवर पेन ठेवत सांगायला लागला. "सॅनिटायझर. हा घाम. आणि हे... सकाळी कॉफी घेतलीत?"

"दोन कप."

"दिसतंच आहे."

माझं सगळं असं पडद्यावर मांडलेलं पाहून मी उगाचच ओढणी सावरली. त्याला ते कळलं असावं, कारण त्यानं पडदा बंद केला. मग त्याची नजर माझ्या हातांवर गेली.

"किती भेगा पडल्यात... दुखत नाहीत?"

दिवसातून चाळीस वेळा हात धुतले की ते असेच होतात. सहा वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आईनंसुद्धा नाही. मी हात पाठीमागे नेले. "सवय," म्हणाले आणि जिना चढून वर आले. धाप लागली होती, आणि जिना काही एवढा उंच नाही.

ती तारीख सोळा होती. सतरा तारखेला मी क्रीमची डबी घेतली. बिनवासाची.

*

आता खरं सांगते. सुया वापरणाऱ्या आम्हा दोघींना रोज एका कागदावर सही करावी लागायची: 'आज हाताला क्रीम, तेल, अत्तर लावलेले नाही.' माझी जोडीदारीण बायकांच्या वॉर्डात, मी पुरुषांच्या. मी सतरापासून रोज क्रीम लावत होते आणि रोज सही करत होते.

सुरुवातीला फक्त रात्री झोपताना लावायचे. त्यात काय, सकाळपर्यंत मुरतं. मग सकाळी घरून निघताना. आणि मग... दहा वाजता तो नव्या सुयांचा डबा घेऊन स्वतः वर यायला लागला. पूर्वी शिपाई आणायचा. म्हणून पावणेदहाला पुन्हा एकदा, अगदी चिमूटभर. नंतर हात धुवायचे, वर हातमोजे चढवायचे. धुतलेल्या हाताला कसलं आलंय क्रीम, असं मी मनाला बजावत होते. मनही बिचारं ऐकत होतं.

"ताई, तू आणि क्रीम?" धाकटीनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. "कोण आहे?"

"भेगा आहेत."

"भेगा सहा वर्षं आहेत. मी विचारलं, कोण आहे."

मी तिच्या अंगावर टॉवेल फेकला.

तो यायचा, डबा ठेवायचा आणि रेंगाळायचा. "हातमोजे कुठल्या खोक्यातले वापरता?" "पाणी याच नळाचं ना?" असले रुक्ष प्रश्न. मला वाटायचं, बिचाऱ्याला बोलायला विषय सुचत नाही. मी त्याला छळायचे.

"आज काय विचारणार? फिनेल कुठलं वापरतो ते?"

"ते काल विचारलं."

"मग आज सुट्टी घ्यायची."

"येऊ नको म्हणता?"

"असं मी कुठं म्हटलं..."

मग दोघंही गप्प. तो डब्याचं झाकण उगाच उघडझाप करायचा, मी उगाच लेबलं मोजायचे. या गप्प राहण्यासाठी मी सकाळी अर्धा तास लवकर उठत होते.

*

वॉर्डात सात नंबरच्या खाटेवर मास्तर होते. चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. त्यांना किडनी दिली त्यांच्या बायकोनं. काकू रोज अकराला यायच्या, पोटाशी हात धरून, हळूहळू चालत. मास्तर हातात येईल त्या कागदाच्या पाठीवर चित्र काढायचे आणि टोचून घेण्याची फी म्हणून मी ते बघायचं, असा आमचा करार होता.

मास्तरांचं औषध आठ ते दहाच्या दरम्यान असायला हवं होतं. तेरा तारखेला बाहेरच्या लॅबचा आकडा नऊ, सुईचाही नऊ. मोठे डॉक्टर खूश झाले. म्हणाले, आता नळी पंधरा दिवसांतून एकदा, रोजचा डोस सुईच्या आकड्यावर. पुरुषांच्या वॉर्डात तसे सध्या ते एकटेच होते. आणि त्यानंतर आकडा घसरायला लागला. सात. सहा. एकवीस तारखेला डोस वाढवला, तरी पाच. चोवीसला आणखी वाढवला, तरी साडेचार. तिकडे किडनीचं काम मंदावत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, शरीर नाकारायला लागलंय.

"चाळीस वर्षं माझ्या हातचं मुकाट खाल्लं," काकू मला जिन्याजवळ गाठून म्हणाल्या. "कधी मीठ कमी म्हणाले नाहीत. आणि आता माझी किडनी चालत नाही होय यांना?" त्या हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. मला त्यांच्याकडे बघवेना.

अठ्ठावीस तारीख, मंगळवार. सकाळी दहाला तो आला तेव्हा त्याच्या हातात डब्याबरोबर एक कागदही होता. चेहरा उतरलेला.

"एक विचारू? रागावू नका."

"विचारल्यावर ठरवीन."

त्यानं कागद पुढे धरला. समान अंतरावर उभ्या रेघा, एकापुढे एक, उंच होत गेलेल्या.

"ही शिडी बघा. प्रत्येक दोन रेघांत चव्वेचाळीसचं अंतर. अशी शिडी क्रीम, मलम, असल्या वस्तूंतून येते. आणि ती आली की सुईच्या टोकावर इतकी गर्दी होते की खऱ्या औषधाला आत जायला वाट मिळत नाही." त्यानं कागद खाली घेतला. "तुम्ही... हाताला काही लावता का?"

माझ्या खिशात डबी होती. तिचा गोल काठ मांडीला टोचत होता.

मला सांगता आलं असतं. पण सांगायचं म्हणजे का लावते तेही सांगावं लागलं असतं. आणि बारा दिवसांच्या खोट्या सह्या! घर माझ्या पगारावर चालतं, धाकटीचं शेवटचं वर्ष.

"रोज सही करते ना मी," मी म्हणाले.

"हो... हो, तेच म्हटलं." तो ओशाळला. "तुम्ही सही केलीय म्हणजे प्रश्नच नाही. मग माझाच लेप सुटत असणार. चार वर्षं..." तो कागदाची घडी करून निघून गेला.

त्यानं संशय घेतला असता तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. त्यानं विश्वास ठेवला आणि माझी वाचाच बसली.

*

दोनला माझी पाळी संपली. घरी जायचं सोडून मी मास्तरांच्या खाटेपाशी गेले.

"ये डासताई. फी घे." त्यांनी कागद पुढे केला. समोरची खिडकी काढली होती. चौकट, गज, बाहेरचं झाड, सगळं होतं, पण एकही रेघ सरळ नव्हती. प्रत्येक रेघ थरथरत, थांबत, वाकडी होत गेलेली.

"खिडकी भूकंपात सापडलीय," ते हसत म्हणाले. पण पेन्सिल खाली ठेवताना त्यांचा हात इतका कापत होता की ती घरंगळून पडली. त्यांनी घाईनं हात पांघरुणाखाली घेतला.

"कधीपासून?"

"चार-पाच दिवस. डॉक्टरांना सांगशील तर खबरदार. अशक्तपणा आहे. उगाच मुक्काम वाढवतील."

मी पेन्सिल उचलली. उचलताना माझे स्वतःचे हात मला दिसले, मऊ, भेगा बुजलेले. हात कापणं... औषध कमी पडलं तर हात कापत नाहीत. जास्त झालं तर कापतात. हे मला सहा वर्षांत कोणी शिकवलं नव्हतं, पण या वॉर्डात मी ते पाहिलं होतं. सुई म्हणत होती साडेचार. आणि त्यानं सकाळी काय सांगितलं होतं? गर्दी झाली की औषधाला आत जायला वाट मिळत नाही.

म्हणजे औषध कमी नव्हतंच. माझ्या बोटांच्या गर्दीत ते मोजलंच जात नव्हतं. आणि डॉक्टर डोस वाढवत होते. काकूंची किडनी मास्तरांचं शरीर नाकारत नव्हतं. आम्ही तिला विष पाजत होतो.

सोमवारची नळी बाहेर गेली होती, तिचं उत्तर गुरुवारी येणार होतं. आणि आज चार वाजता डोस पुन्हा वाढायचा होता. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

तळघराच्या जिन्यात मी दोनदा थांबले. पहिल्यांदा वाटलं, नुसतं म्हणावं, 'मास्तरांची सुई पुन्हा करा.' कारण विचारलंच तर बघू. दुसऱ्यांदा वाटलं, तो लेपाला दोष देतोय, देऊ दे. मग काकूंचं ते पोटाशी हात धरून चालणं आठवलं आणि पाय आपोआप उतरले.

तो टेबलावर सुया मांडून बसला होता. मी खिशातून डबी काढून त्याच्यासमोर ठेवली.

"लेप नाही सुटत तुमचा," मी म्हणाले. "मी आहे. सकाळी खोटं बोलले. मास्तरांचे हात कापतायत. चारला डोस वाढणार आहे."

एका दमात बोलले, नाहीतर बोलले नसते. तो डबीकडे बघत राहिला. वरच्या खिडकीतून पाय जात होते, येत होते.

"कधीपासून?"

"सतरापासून."

"सतरा? म्हणजे सोळाला आपण इथं..." त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे. कानापर्यंत लाल झाला. मी तर केव्हाचीच झाले होते.

"हो," मी म्हणाले. "आता जे काय समजायचं ते नंतर समजा. पस्तीस मिनिटं राहिलीत."

तो ताडकन उठला. "दुसरी कुठंय?"

"दोनलाच घरी गेली."

"मग टोचणार कोण? मला रक्त बघून घेरी येते."

"तुम्हाला?"

"मी फक्त सुईचं टोक बघतो! एवढासा थेंब!"

रडू येत असताना हसू येणं फार वाईट. "मीच टोचीन," मी म्हणाले. "तुम्ही माझे हात स्वच्छ करा."

*

त्यानं ते कसं केलं ते मी जन्मात विसरणार नाही.

वॉर्डातल्या बेसिनपाशी त्यानं माझ्या हातांवर आधी साबण, मग स्पिरिट ओतलं. तीनदा. खालच्या भेगा चरचरल्या तशी मी ओठ चावले. "दुखतंय?" त्यानं विचारलं. मी मान हलवली. मग त्यानं नव्या खोक्यातला हातमोजा चिमट्यानं काढला, स्वतः मोजे घातलेल्या हातांनी त्याचं तोंड ताणून धरलं आणि म्हणाला, "घाला. बाहेरून कुठंही स्पर्श नको." मी हात आत सरकवला. माझं एकेक बोट जागेवर बसेपर्यंत तो श्वास रोखून उभा होता. चूक इथंच होत होती. क्रीमच्या बोटांनी मी रोज मोजा बाहेरून ओढत होते, आणि त्याच मोज्यानं मास्तरांचं बोट दाबत होते.

दुसरा हात. मग त्यांवर आणखी एकेक मोजा. आमच्या कातडीमध्ये रबराचे तीन थर होते, तरी त्याचा हात कापतोय हे मला कळलं.

"काय रे, तुझंही औषध जास्त झालं काय?" मास्तर खाटेवरून म्हणाले.

मी टोचलं. थेंब आला. त्यानं मान दुसरीकडे वळवली आणि चिमट्यात सुई धरून हात तेवढा पुढे केला. ती थेंबात बुडवायचं काम मीच त्याचं मनगट धरून केलं. मग तो धावत सुटला. चार वाजायला बारा मिनिटं होती.

मोठे डॉक्टर चारला पाच कमी असतानाच आले. नर्सच्या हातात इंजेक्शनचा ट्रे. मी खाटेच्या आणि ट्रेच्या मध्ये उभी राहिले.

"डॉक्टर, थोडं थांबा. आकडा चुकीचा आहे."

"कोण म्हणतं?"

"मी. मी हाताला क्रीम लावत होते. सतरापासून. सह्या खोट्या आहेत."

काकू स्टुलावरून उठल्या. डॉक्टर माझ्याकडे असे बघत होते की जमीन दुभंगली असती तर मी आनंदानं आत गेले असते. जमीन अशा वेळी कधीच उपयोगी पडत नाही.

"मास्तर, हात दाखवा त्यांना," मी म्हणाले.

मास्तरांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. मग काकूंकडे पाहिलं. आणि हळूच दोन्ही हात पांघरुणाबाहेर काढले. ते पानासारखे थरथरत होते.

तेवढ्यात तो दारात आला, धापा टाकत. "एकवीस," तो म्हणाला. "शिडी नाही, काही नाही. स्वच्छ एकवीस."

आठ ते दहा हवं होतं. डॉक्टरांनी ट्रे परत पाठवला आणि औषध बंदचा शेरा लिहिला. मग त्यांनी माझं नाव विचारलं, लिहून घ्यायला.

"माझंही लिहा," तो म्हणाला.

आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"शिडी मला वीस तारखेलाच दिसली होती. फक्त यांच्याच सुयांवर. त्याच दिवशी कळवायला हवं होतं. यांचं नाव द्यावं लागलं असतं, म्हणून मी... हातमोजे आणि पाणी तपासत बसलो. आठ दिवस."

*

मास्तरांच्या आकड्यानं सहा दिवस घेतले. एकवीस, अठरा, चौदा. ते दिवस मी घरी होते, चौकशी संपेपर्यंत. रोज संध्याकाळी जोडीदारीण फोनवर एकच आकडा सांगायची आणि मी तो भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहायचे. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "चूक कबूल केलीस ना? मग जेव." धाकटीनं पहिल्यांदाच काही चिडवलं नाही.

सातव्या दिवशी आकडा नऊ आला आणि किडनी पुन्हा कामाला लागली. मी गॅसपाशी उभी राहून रडले, मनसोक्त.

नोकरी गेली नाही. तीन महिने सुया बंद आणि नळ्यांना लेबलं लावायच्या खिडकीवर बदली. त्याला लेखी ताकीद मिळाली, आणि त्याची पद्धत पुन्हा पहिल्यापासून तपासायचा हुकूम. तो वर येत नव्हता. मी खाली जात नव्हते. एकदा जिन्यात दिसला, दोघंही एकदम बाजूला झालो, आणि दोघांनाही रस्ता मिळेना.

तिसऱ्या आठवड्यात मास्तर घरी निघाले. काकूंचा हात धरून माझ्या खिडकीपाशी आले आणि काचेखालून कागद सरकवला. "शेवटची फी."

चार हात होते. दोन मोजा ताणून धरणारे, एक आत सरकणारा, एक वाट बघणारा. रेघा सरळ, ठाम.

"त्या दिवशी जीव माझा टांगणीला होता," मास्तर म्हणाले, "आणि तुमचं दोघांचं काय चाललं होतं ते सात नंबरवरून स्वच्छ दिसत होतं. चित्रकाराला हात लवकर कळतात."

"चला हो," काकू म्हणाल्या. "पोरीला लाजवू नका." आणि जाता जाता त्यांनी काचेवर हात ठेवला, माझ्या हातासमोर. त्या मला रागावतील म्हणून मी तीन आठवडे धास्तावले होते. त्या रागावल्या नाहीत.

मी चित्र बघत होते, म्हणून पुढचा कोण ते कळलं नाही. काचेखालून एक डबी आत आली.

"अकरा तपासली," तो म्हणाला. केस आज विंचरलेले होते. "दहांत शिडी निघाली. हे अकरावं. काही येत नाही याच्यात. साधं मेण आणि पाणी."

"पण मी आता सुया हाताळत नाही."

"अडीच महिन्यांनी हाताळशील ना."

हाताळशील. मला ऐकू आलं. मी डबी गोल फिरवत राहिले.

"रोज वर यायचास," मी पण धीर केला, "ते शिडीसाठी ना?"

"पहिले दोन दिवस."

"आणि नंतर?"

त्याच्या मागे रांग होती. एक बाई नळी धरून उभी, तिच्यामागे काठीवाले आजोबा. त्यानं एकदा मागे पाहिलं, चष्मा वर ढकलला आणि खिशातून पेन काढलं. लेबलांच्या गठ्ठ्यातलं एक कोरं लेबल ओढून त्यानं त्यावर काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे सरकवलं.

'ती मला आवडते. सोळा तारखेपासून.' खाली सही.

"खोटं लिहून सही केली की काय होतं ते पाहिलंयस," मी म्हणाले.

"म्हणून तर खरं लिहिलं. तुझी सही राहिलीय."

मी त्याच्या सहीखाली माझी केली. हात थोडा कापला, पण रेघ बरी आली. मग डबी उघडली आणि दोन्ही हात काचेखालून बाहेर काढले, भेगांसकट.

तो बघत राहिला. "हात लावू?"

"ओरडून नको," मी म्हणाले.

त्यानं बोटाच्या टोकावर क्रीम घेतलं आणि माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या भेगेवर ठेवलं. मागून काठीवाले आजोबा म्हणाले, "अहो, आमचा नंबर कधी?"

"दोन मिनिटं, आजोबा," मी म्हणाले. "अजून डावा हात राहिलाय."